पाच टनांच्या यंत्राचा परवाना आणि आमच्या घरातल्या मारामाऱ्या

प्रति,
मा. मुख्य परवाना अधिकारी,
इमारत परवाना विभाग, नगर कार्यालय,
पालो सेको, ॲरिझोना.

दिनांक : ७ ऑगस्ट

विषय : छतावरील वातानुकूलन यंत्र (गार व गरम, दोन्ही) बदलण्याचा परवाना त्रेसष्ट दिवसांनंतरही न मिळाल्याबाबत, व त्या काळात अर्जदाराच्या घरी झालेल्या मारामाऱ्या निदर्शनास आणून देण्याबाबत.

संदर्भ : १) आमचा ऑनलाइन अर्ज क्र. ४४१७, दि. ५ जून. २) आपल्याकडून आलेले दुरुस्तीचे शेरे, एकूण तीन. ३) पोलीस नोंद, दि. १९ जुलै.

महोदया,

आपल्या कार्यालयाच्या छतावर जे भलंमोठं एसी यंत्र बसवलेलं आहे, त्याचा परवाना आपल्याला किती दिवसांत मिळाला?

हा प्रश्न मैत्रिणींनी पैज लावून मला विचारायला लावला आहे. आज जेवणाच्या सुट्टीत मारिबेल म्हणाली, "तू नुसती बडबडतेस, येसे. विचार ना तिला, थेट!" त्यावर शानिया म्हणाली, "ही आणि विचारणार! गेल्या वर्षी बाथरूमला जाऊ का विचारताना हिला घाम फुटायचा." ते खरं आहे. गेल्या वर्षी फुटायचा. यंदाही फुटतो, कारण आमच्या घरात सध्या एकशे चार अंश फॅरनहाइट असतात, पण तो विचारण्याचा घाम नाही. म्हणून प्रश्न सर्वांत वर टाकला आहे. आता मूळ मुद्द्याकडे वळते.

१. मी येसेनिया बराझा, वय सोळा, इयत्ता अकरावी. माझे वडील श्री. एलेउतेरियो बराझा, ज्यांना गावात सगळे तेयो म्हणतात, ते बावीस वर्षं एसी आणि हीटर बसवण्याचा धंदा करतात. बाबांना छतावरचं सगळं येतं आणि संगणकावरचं काही येत नाही. त्यामुळे तेराव्या वर्षापासून त्यांचे परवान्याचे अर्ज मी भरते. आजवर एकशे बारा भरले. एकशे अकरा आपण त्याच दिवशी मंजूर केलेत, त्याबद्दल मनापासून आभार. एकशे बारावा आमच्या स्वतःच्या घराचा आहे.

२. अर्जाच्या दुसऱ्या पानावर दोन चौकटी आहेत. एक, "जुन्याइतक्याच क्षमतेचे यंत्र". दोन, "जुन्यापेक्षा मोठे यंत्र". पहिलीत खूण केली की परवाना खिडकीवर हातात मिळतो. दुसरीत केली की अर्ज चार टेबलांवरून फिरतो. त्यामुळे या धंद्यात सगळे पहिलीतच खूण करतात, यंत्र कितीही मोठं असो. त्याला कोणी खोटं बोलणं म्हणत नाही, खूण करणं म्हणतात. हे आपल्याला माहीत असेलच. नसेल, तर माझ्या सांगण्यावरून कोणावर कारवाई करू नये ही नम्र विनंती.

आमचं जुनं यंत्र चार टनांचं होतं. ते ३ जूनला दुपारी धूर सोडून मेलं. आमच्या घराला मागाहून जोडलेली एक खोली आहे आणि तिथे आईचा भाऊ, माझा बेतोमामा, दोन वर्षं राहतो. चार टनांचा गारवा त्या खोलीपर्यंत कधी पोचलाच नाही. आई बाबांना रोज टोचायची, "गावभर बर्फ पाडत फिरतोस आणि माझ्या भावाला घरात भाजतोस!" बाबांना ते लागलं. या वेळी त्यांनी पाच टनांचं यंत्र आणून दारात उभं केलं आणि म्हणाले, "घे. आता तुझा भाऊ स्वेटर मागेल."

सोळा पूर्ण झाल्यामुळे "अर्ज तयार करणाऱ्याचे नाव" या रकान्यात यंदा पहिल्यांदाच माझं नाव लिहिता आलं. त्याच्या खाली ओळ असते, "वरील माहिती सत्य आहे". मी नाव लिहिलं, दोनदा वाचलं, फार छान दिसत होतं. आणि मग दुसऱ्या चौकटीत खूण केली. घरी कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, फार तर आठवडा लागेल.

३. आपली चार टेबलं म्हणजे रचना, वीज, यंत्र आणि नगररचना. ती एकाच वेळी फाइल बघत नाहीत, एकामागून एक बघतात. एकाने शेरा मारला की आम्ही दुरुस्ती करून पाठवतो आणि फाइल रांगेच्या अगदी शेवटी जाऊन बसते. नगररचनेचा शेरा आला : "यंत्र रस्त्यावरून किती दिसेल याचे छायाचित्र जोडावे." यंत्र छतावर नाही, कारण परवाना नाही, मग छायाचित्र कशाचं काढू? मी बेतोमामाला यंत्राच्या आकाराचा पुठ्ठ्याचा खोका धरून छतावर उभं केलं आणि रस्त्यावरून फोटो काढला. सोळा दिवसांनी उत्तर आलं : "छायाचित्रात एक इसम दिसत आहे. इसम वगळून पाठवावे."

४. आता मारामाऱ्या. सगळ्या देत नाही, जागा पुरणार नाही.

बाराव्या दिवशी आई टॉर्टिया शेकत होती. बाबा म्हणाले, "नेरेइदा, बाहेर अंगणात शेक ना, घर किती तापवशील?" आईने तापलेला लोखंडी तवा उचलून फेकला. तो बाबांच्या कानाशेजारून गेला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फोडून बाहेर पडला. बाबा जागचे हलले नाहीत, एवढंच म्हणाले, "काच उद्या लावतो." त्यावर आईने उलथनंही फेकलं. ते लागलं. भुवईला चार टाके.

एकविसाव्या दिवशी बैठकीच्या खोलीत उसना आणून खिडकीत बसवलेल्या एसीसमोर आम्ही चौघं ओळीने आडवे पडलो होतो. मधली जागा कोणाची यावरून बाबांनी मामाला लाथ घातली आणि मामाने बाबांच्या पोटरीचा चावा घेतला. हे लिहायला मला लाज वाटते, पण दातांच्या खुणांचा फोटो जोडला आहे. बाबांनी उठून तो एसी खिडकीतून उपटला आणि अंगणात आपटला. "कोणालाच नको! मरा सगळे सारखे!" असं म्हणाले. त्यानंतर आम्ही सगळे खरोखरच सारखे झालो.

यात मीही आहे, लपवत नाही. "इसम वगळून" हा शेरा वाचून मी भिंतीवर मूठ मारली. आमच्या भिंती पातळ आहेत, मूठ आरपार गेली. पलीकडे आई होती. तिचा गाल आठवडाभर जांभळा होता. दुकानात लोक विचारायचे तेव्हा ती सांगायची, "नगर कार्यालयाने मारलं." लोकांना वाटायचं, चेष्टा करते.

५. चव्वेचाळिसावा दिवस, १९ जुलै. हे कलम कृपया सावकाश वाचावे.

आधी एक गोष्ट सांगणं भाग आहे. मागच्या उन्हाळ्यात बाबांनी एका म्हातारीकडे शनिवारी रात्रीच, सोमवारी आपली खिडकी उघडायची वाट न बघता, विनापरवाना यंत्र बसवलं होतं, कारण ती उष्म्याने दवाखान्यात जाऊन आली होती. त्याबद्दल त्यांना नोटीस आली : पुन्हा विनापरवाना काम आढळल्यास लायसन्स रद्द. आमच्या घरात ते लायसन्स गेलं तर बाकी काही उरत नाही.

त्या दिवशी बाबांचे मित्र चेमाकाका क्रेन घेऊन सहज डोकावले. दारात यंत्र बघून म्हणाले, "अजून इथेच? तेयो, माझ्या मेहुणीचं एका दिवसात झालं. खूण कुठे केलीस?"

"मी कुठे करतो? येसे करते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "दुसऱ्या चौकटीत. आपलं मोठंच आहे ना!"

चेमाकाका पोट धरून हसले. "पोरगी वकील होणार बघ तुझी! तोवर तू उकडून मर."

बाबा हसले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. यंत्राकडे बघत म्हणाले, "चेमा, क्रेन लाव."

दुपारचे दोन वाजले होते आणि बाहेर एकशे सतरा. बाबा शिडीने वर गेले. यंत्र साखळीला लटकून वर निघालं. मामा मागच्या खोलीतून धावत आला, "दाजी, खाली या! लायसन्स जाईल!"

"तुझ्याचसाठी आणलंय ना हे धूड, मेव्हण्या! तुझ्या खोलीसाठी!"

"मग नको मला! रस्त्यावर झोपतो मी!"

"झोप ना! अडवलंय कोणी?"

मामा शिडी चढला. वर जाऊन त्याने साखळी दोन्ही हातांनी धरली आणि सोडेना. बाबांनी त्याच्या बरगडीत गुडघा घातला, मामाने बाबांचं डोकं यंत्राच्या कडेवर आपटलं. पाचशे नव्वद पौंडांचं यंत्र दोघांच्या मध्ये लोंबकळत होतं आणि चेमाकाका क्रेनमध्ये दोन्ही हात कानांवर ठेवून बसले होते. मग बाबांनी कमरेचा मोठा पाइपपाना काढला. मी खालून पाहिलं. एकच घाव. आवाज लाकूड फोडल्यासारखा आला. मामाचा जबडा दोन ठिकाणी मोडला. बाबा तोल जाऊन हातांच्या तळव्यांवर पडले, आणि उठले तेव्हा तळव्यांची कातडी छताच्या तापलेल्या डांबरावर राहिली होती. आई अंगणातून ओरडत होती, "मारून टाका एकमेकांना! मग मी एकटी गार राहीन!" आणि ओरडता ओरडता जमिनीवर बसली.

मामाचे दोन दात पडले. एक पन्हाळीत सापडला, तो मी दुधात ठेवला. दुसरा मिळाला नाही. रुग्णवाहिका मी बोलावली, तिच्या मागे पोलीस आले. जबडा लोंबत असताना मामाने हाताने खुणा करून सांगितलं, छतावरून घसरलो. पोलिसाने पाना बघितला, पान्यावरचं रक्त बघितलं, बाबांचे हात बघितले. मग वहीत लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं : पुन्हा या घरातून फोन आला तर दोघांनाही घेऊन जाणार.

यंत्र खाली उतरवलं. ते अजून दारात आहे.

६. त्यानंतर आपल्या रचना टेबलाचा शेरा आला की छत वजन पेलेल असं अभियंत्याचं पत्र हवं. पत्र आम्ही दिलं. फाइल रांगेच्या शेवटी गेली. अठ्ठावन्नाव्या दिवशी आई शेडमधून घण घेऊन आली आणि यंत्रावर धावली. तीन घाव घातले. बाहेरची पॅकिंगची लाकडी चौकट फुटली, आत काही झालं नाही. चौथ्या घावाला बाबांनी बांधलेल्या हातांनी घण धरला. पट्ट्या लाल झाल्या. आई म्हणाली, "सोड, तेयो, हे मेलं की सगळं संपेल." बाबा म्हणाले, "हे मेलं तर मी संपेन." दोघांनी घण धरून ठेवला होता, कोणीच सोडेना. शेवटी मी मध्ये जाऊन काढून घेतला. फार जड असतो.

७. काल संध्याकाळची गोष्ट. आई बाबांना बीन्स भरवत होती, कारण त्यांचे हात बांधलेले आहेत. मामा नळीने कोंबडीचं सार पीत होता, कारण त्याचा जबडा तारेने बांधला आहे. बाबा अठरा दिवसांनी माझ्याशी बोलले.

"येसे, तो अर्ज काढून टाक आणि नवीन भर. पहिल्या चौकटीत खूण कर."

"ते खोटं आहे, बाबा."

"खोटं नाही. सगळे करतात."

आई म्हणाली, "इथे रक्त सांडलं ते खरं होतं ना? मग कर गं बाई."

मामाने त्याच्या पाटीवर लिहिलं : कर.

त्रेसष्ट दिवसांत त्या तिघांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं. मी ताटं उचलायला लागले. तेव्हा बाबा म्हणाले, "नाही करत? मग शनिवारी चेमा येतोय. मी वर जाणार." मामाने पाटी पुसून पुन्हा लिहिलं : मग मीपण.

महोदया, शनिवार परवा आहे. परवा ते दोघे पुन्हा छतावर गेले तर एक जण तुरुंगात जाईल आणि दुसरा कुठे जाईल ते मला लिहायचं नाही. खोटी खूण केली तर नंतर आपला निरीक्षक येईल. तो यंत्रावरची क्षमतेची पट्टी वाचत नाही असं चेमाकाका सांगतात. वाचली तर बाबांचं लायसन्स गेलं, आणि खाली नाव माझं. माझी खूण बरोबर होती. तरीही मामाचे दात त्याच खुणेपायी पडले, हे मला कळतं. दोन्ही एकदमच खरं आहे आणि त्याचं काय करायचं हे मला शाळेत कोणी शिकवलेलं नाही.

८. वरील परिस्थिती पाहता खालील विनंत्या करते.

अ) अर्ज क्र. ४४१७ वर उद्या, शुक्रवारी, दुपारी बारापर्यंत निर्णय द्यावा. होकार किंवा नकार, पण एकच.

आ) यापुढे चारही टेबलांनी फाइल एकत्र बसून बघावी. आपल्याकडे जागा नसल्यास आमची मागची खोली उपलब्ध आहे. दुपारी दोनची वेळ ठेवावी. तवा आणि घण आधीच हलवून ठेवू. माझा अंदाज आहे, चार टेबलांचं एकमत चार मिनिटांत होईल.

इ) दुरुस्त झालेली फाइल रांगेच्या शेवटी न टाकता होती तिथे ठेवावी. आमच्यासाठी नाही, ज्यांच्याकडे तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं आहेत त्यांच्यासाठी.

ई) "इसम वगळून" लिहिणाऱ्या व्यक्तीला कळवावे की तो इसम माझा मामा आहे.

९. इथवर लिहून मी शाळा सुटल्यावर हा अर्ज द्यायला आपल्या खिडकीशी आले. खिडकीतल्या बाईंनी क्रमांक टाकून पाहिला आणि म्हणाल्या, "तुझं रचनेकडे अडकलंय, बाळ. ते साहेब रजेवर आहेत. पंचवीसला येतील."

मी विचारलं, "त्यांच्या जागेवर कोण आहे?"

"त्यांच्या जागेवर त्यांची खुर्ची आहे." मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आतून पाण्याची गार बाटली आणून दिली आणि हळूच म्हणाल्या, "चार टनांचंच असतं तर मी आत्ता हातात दिला असता."

बाई वाईट नाहीत, त्यांना काही बोलू नये. पण पंचवीस तारीख म्हणजे आणखी अठरा दिवस. आमच्या घरी अठरा दिवसांत किती माणसं उरतील याचा मी हिशेब केला आणि मला कमालीचा राग आला. आपल्या काचेच्या दारावर लाथ मारायला मी पाय उचललासुद्धा. मग दारात मला माझाच चेहरा दिसला, आणि तो हुबेहूब बाबांचा होता, छतावरचा. मी पाय खाली ठेवला.

पुढचं आपल्याच पायऱ्यांवर बसून लिहिते आहे. इथूनच मी यंत्राच्या दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाले, "नुसती चौकट फुटलीय? आत काही नाही ना? फोटो पाठव." पाठवला. पाच टनांचं परत घेतील. चार टनांचं त्यांच्याकडे तयार आहे, उद्या दुपारी गाडीने पोचवतील. बाबांची सही लागेल असं ते म्हणाले. मी सांगितलं, बाबांचे हात बांधलेले आहेत. ते म्हणाले, अंगठा चालेल.

तरी कलम ८ मधील विनंती (अ) मी मागे घेते आणि अर्ज क्र. ४४१७ रद्द करावा असं कळवते. नवीन अर्ज घेऊन उद्या सकाळी आठ वाजता मी खिडकीशी हजर असेन. त्यात पहिल्या चौकटीत खूण असेल आणि ती खरी असेल. बाकीच्या विनंत्या कायम आहेत. त्यांचं उत्तर मला लेखी पाहिजे, आणि मी दर सोमवारी विचारायला येणार आहे.

उत्तर येईपर्यंत तरी आपली नम्र,

येसेनिया बराझा
(अर्ज तयार करणारी)

सोबत : १) पोटरीचा फोटो. २) खोका धरलेल्या इसमाचा फोटो. ३) अभियंत्याच्या पत्राची प्रत. ४) पोलीस नोंदीची प्रत. ५) मामाच्या जबड्याचा एक्स-रे (पाहून परत करावा).

प्रत : श्री. एलेउतेरियो व सौ. नेरेइदा बराझा, राहत्या घरी.

आई, बाबा, एवढं घरी येऊन लिहिते आहे, ही प्रत तुम्हाला जेवणाच्या टेबलावर मिळेल. आधी पूर्ण वाचा आणि मग ओरडा. मी ठरवलं आहे. मोठं यंत्र उद्या परत जातंय. शनिवारी चेमाकाका येऊ देत, परवाना आपल्या खिशात असेल आणि लहान यंत्र वर चढेल. बाबा, तुमच्या हातांनी काम होणार नाही, तुम्ही खालून सांगा, वर मामा आणि मी जातो. पाना माझ्याकडे राहील. लहान यंत्राने मागची खोली गार होणार नाही, हे मला तुमच्याइतकंच माहीत आहे, आई. म्हणून मागच्या खोलीत मी राहायला जाते आहे आणि माझी खोली आजपासून बेतोमामाची. माझी गादी मी नेलीसुद्धा. परवानगी मागत नाहीये, सांगते आहे.